सरकार, येऊ?

पुढची गाडी ओलांडायची तर भालेराव आधी बायकोची परवानगी घेत. "सरकार, येऊ?" शेजारच्या सीटवरून सुमनवहिनी डोक्यावरची ओढणी एका हाताने धरून, मान वळवून मागे बघत आणि सांगत, "अहो, या." किंवा, "अहो, थांबा!" मी घरात इतक्या गोष्टी विचारून करतो, की मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण भालेरावांचा नाइलाज होता. त्यांची जुनी ब्रिटिश टू-सीटर उजव्या स्टिअरिंगची आणि कतारचे रस्ते डाव्या स्टिअरिंगचे. डावीकडची लेन चालवणाऱ्याला धड दिसायची नाही, शेजारच्याला दिसायची.

भालेराव नाशिकचे, इथे गॅस प्लांटवर इंजिनिअर. अल नस्र भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहत. गाडी त्यांनी भंगारातून उचलली होती. इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजचा कोपरा भाड्याने घेतला आणि दर शुक्रवारी ते तिच्याखाली आडवे होत. वहिनी स्टुलावर बसून डब्यातलं थालीपीठ खाली सरकवत. पत्रा ठोकून, इंजिन खोलून, गडद हिरवा रंग चढवून गाडी उभी राहीपर्यंत काही वर्षं गेली. कुणी कौतुक केलं की म्हणत, "इंजिन दोन हातांनी बांधता येतं हो. ओव्हरटेकला चार डोळे लागतात."

मग वहिनींचं पोट दुखायला लागलं. निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. अंत्यसंस्कारासाठी त्यांना नाशिकला नेलं. परत आल्यावर भालेराव आमच्याकडे जेवायला आले. बराच वेळ नुसता भात कालवत बसले. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विमानात सरकार शेजारी नव्हत्या. खाली होत्या. सामानात."

माझी बायको आमटीचं पातेलं उचलून आत गेली. मला कुठल्याही प्रसंगी काहीतरी बोलायची खोड आहे. त्या दिवशी मी मीठ मागितलं.

पुढे त्यांची नोकरी संपत आली. व्हिसा संपायच्या आत गाडी विकणं भाग होतं; इतकी जुनी गाडी भारतात नेता येत नव्हती. त्यांनी जाहिरात टाकली. शेवटची ओळ होती, 'बघायला दोघांनी यावे.' लोक एकेकटेच यायचे. एकाला त्यांनी विचारलं, "शेजारी कोण बसणार?"

"कोणी नाही, सर. कॅमेरा बसवीन."

"कॅमेरा 'थांबा' म्हणत नाही," म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

"अहो, गाडी विकताय की मुलगी देताय?" मी म्हटलं.

"मुलगी एकटी देता आली असती," ते म्हणाले.

शेवटी एक कॉफी शॉपवाला आला. त्याला ती दुकानात काचेमागे ठेवायची होती. "चालवणार नाही ना?" भालेरावांनी तीनतीनदा विचारलं. तो नाही म्हणाला. "मग खलास. घेऊन टाक."

गाडी पोचवायला त्यांनी मला शेजारी घेतलं. त्या सीटमध्ये मी बसलो म्हणण्यापेक्षा भरला गेलो. रस्त्यात पुढे पाण्याचा टँकर आला, बैलगाडीच्या चालीने. भालेराव सवयीने म्हणाले, "येऊ?"

मी पोट सावरत मागे वळून पाहिलं. लेन मोकळी होती. "या," मी म्हटलं.

गाडी टँकरमागून बाहेर निघेना.

"अहो, या!" मी जोरात म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. हुबेहूब वहिनींचा सूर. भालेरावांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून सुटला. टँकर पुढे निघून गेला. मागचे हॉर्न वाजत राहिले.

"तुम्ही बरोबरच सांगितलंत," ते म्हणाले. "माझाच विश्वास बसत नाही."

विमानतळावर त्यांना सोडायला गेलो तेव्हा एकच बॅग होती. समोर रस्ता ओलांडला की दार. भालेराव कडेला उभे राहिले, शेजारच्या रिकाम्या जागेकडे किंचित झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "येऊ?"

मी दोन पावलं मागे होतो. रस्ता पूर्ण मोकळा होता.

"थांबा," मी म्हटलं.

ते थांबले.