वीस किलोची बादली आणि देवगडचा कुपा

देवगडच्या समुद्राकडे आमचा प्रवास सदाशिव पेठेतल्या विहिरीपासून सुरू झाला. सोसायटीच्या मागच्या अंगाला ही जुनी विहीर आहे. त्या दिवशी तिच्यात चोवीस फूट पाणी होतं. दोरी सोडून मोजलं. डास होऊ नयेत म्हणून महापालिकेने सोडलेले गप्पी मासेही होते. माझ्या एका हातात घड्याळ होतं, दुसऱ्यात जिग. जिग म्हणजे माशाच्या आकाराचा धातूचा तुकडा. खोल सोडून झटक्यांनी वर ओढला, की मोठ्या माशाला तो पळणारा छोटा मासा वाटतो.

तळमजल्यावरचे केळकर बाहेर आले.

"गप्पींसाठी दोनशे ग्रॅम जरा जास्त होत नाही का?"

"कुप्यासाठी आहे," मी म्हटलं. कुपा म्हणजे ट्यूना.

"तो या विहिरीत नाही. मी इथे एकेचाळीस वर्षं राहतोय."

लांबट जिग साडेतीन सेकंदांत तळाला गेली, चपटी सहा सेकंदांत. चपटी हेलकावे खात देखणी पडे. पण बोट वाहती असते, आणि हळू पडणारी जिग खाली जाण्याऐवजी तिरकी लांब जाते. शिवाय कुपा वेगाने पळणाऱ्या भक्ष्यामागे लागतो. म्हणून लांबट, दोनशे ग्रॅमच्या चार निवडल्या.

हा खटाटोप शैलासाठी, माझ्या बायकोसाठी होता. तिचं माहेर देवगड. वडील आणि भाऊ होडीवर जात. ही घरी बसून त्यांच्या गऱ्या (गळ) बांधून देई. बाईमाणसाने होडीवर पाय ठेवायचा नाही, असा रिवाज. पन्नाशी उलटल्यावर तिने एकच मागितलं, "एकदा मला खोल समुद्रात न्या. आणि मासा मीच ओढणार." मी म्हटलं, सामानाची जबाबदारी माझी.

जिगच्या डोक्याशी दोन कड्या येतात. एक सबंध, तिच्यात गळ अडकवलेला. दुसरी किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी, वेढ्याची. ती पहिलीला जिगशी जोडते. चारही जिगना मी दोर वेढ्याच्या कडीलाच बांधला. शैला शेजारी मेथी निवडत होती.

"अहो, त्या कडीला फट आहे."

"वीस लिटरची भरलेली बादली टांगून पाहिली. दहा मिनिटं. काही झालं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि मेथीकडे वळली.

गगनबावड्याच्या घाटाने देवगड गाठायला नऊ तास चाळीस मिनिटं लागली, चहा धरून. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिच्या माहेरचे शेजारी आत्मारामदादा यांच्या घरी घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार डोसे) खाऊन बंदरावर त्यांच्या होडीशी गेलो. फळीवरून होडीत जाताना मी दोन खलाशांचा आधार घेतला. शैला एका उडीत आत गेली आणि थेट पुढच्या टोकाशी जाऊन बसली.

दोन तासांनी किनारा रेघेएवढा उरला. पुढे पक्षी पाण्यावर तुटून पडत होते.

"सोड गो!" दादा ओरडले.

शैलाने जिग सोडली. मी सेकंद मोजत होतो. तिने माझ्या आकड्याची वाट पाहिली नाही. चार झटके मारले आणि रॉड कमानीसारखा वाकला. रीळ किंचाळलं. ती काठाला गुडघे टेकून हसत होती. असं हसताना मी तिला लग्नानंतर फारतर तीनदा पाहिलंय. मग दोर एकदम सैल झाला.

दादांनी टोक ओढून पाहिलं. काचून तुटलं होतं. उरलेल्या तीन जिग त्यांनी उलटसुलट केल्या.

"ह्या कोणी बांधलान?"

"मी. वीस किलोला तपासलंय."

"कशान?"

"बादलीने."

"जावयबापू, बालदी धावणा नाय. मासो धावता." ते खलाशांकडे पाहून म्हणाले, "गाठ बरी आसा. जागा चुकली."

मासा डोकं झटकतो तेव्हा दोर सरकत वेढ्याच्या फटीत जातो आणि तिथल्या धारेवर कापला जातो. तो सबंध कडीलाच हवा. म्हणजे ओढ थेट गळावर येते, जिग नुसती लोंबते. मी शिस्तीचा माणूस. एक चुकली म्हणजे चारही तंतोतंत तशाच चुकल्या होत्या.

पक्षी लांब सरकू लागले. मी चष्मा शोधत होतो. शैलाने जिग माझ्या हातातून घेतली, दाताने दोर तोडला आणि हलत्या होडीत, न बघता, सबंध कडीला गाठ मारली. तीस वर्षांनी. "मी तेव्हाच म्हटलं होतं" हे वाक्य मी ऐकायला तयार होतो. ती एवढंच म्हणाली, "बादली आणलीय का? तपासायची असेल तर."

दुसरा मासा तिने अकरा मिनिटांत वर घेतला. दादांनी पुढे केलेला हात तिने कोपराने बाजूला सारला. माझ्या काट्यावर मासा सहा किलो दोनशे ग्रॅम भरला. बादलीच्या एक तृतीयांशाहून कमी. दुपारी दादांकडे त्याचं तिखलं (तिरफळ घातलेलं आंबट-तिखट कालवण) झालं. शैलाने दोनदा भात घेतला, मी तीनदा.

पुण्यात परतलो तर केळकर फाटकातच.

"मिळाला?"

"सहा किलो दोनशे," मी म्हटलं.

"तो दुसरा," शैला म्हणाली. "पहिला एवढा होता." तिने हात फाकले.

या गोष्टीला आता महिना झाला. पहिल्या माशाची गोष्ट ती कुणालाही सांगते, आणि दर वेळी तिचे हात आणखी चारेक बोटं लांब जातात. पाहुणे खात्रीसाठी माझ्याकडे बघतात. एरवी मी आकडा दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही. पण तो मासा माझ्या गाठीने गेला, तेव्हा त्याची लांबी तीच ठरवेल.