सायबण्णाची स्लाइड

आमच्या पॅथॉलॉजीत कापलेल्या गाठींच्या बरण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठले! बरण्या वर्षाअखेरीस फेकता तरी येत. सोलापुरात आणीबाणीच्या आसपास मी तिथे टेक्निशियन होते. हसवायला म्हणून सांगायला बसते आणि दरवेळी तोंड कडू होतं. तरी ऐका.

*

आमचे हिरेमठ सर आतड्याच्या कॅन्सरमागे वेडे. गाठीभोवती पांढऱ्या पेशींचं कडं दिसलं की तो पेशंट जास्त जगतो, हा त्यांचा अनुभव. या पेशी कसलंसं रसायन सोडून एकमेकींना बोलावतात, असं त्यांनी जर्नलमध्ये वाचलं होतं. चांगली स्लाइड मिळाली की सगळ्यांना मायक्रोस्कोपपाशी बोलवायचे, शिपाई सायबण्णालासुद्धा.

"गिरणीचा भोंगा वाजला की कामगार येतात ना, तसं," सर समजावून सांगत.

एकदा एका गाठीभोवती एकही पेशी दिसेना. सायबण्णा डोळा लावून म्हणाला, "भोंगेवाला रजेवर हाय जनू!"

आम्ही खो खो हसलो. तो पेशंट दिवाळीआधीच गेला.

*

भवानी पेठेतल्या एका बाईंना दहा वर्षं रक्ताची आव. त्यांच्या आतड्यात पेशींची ही गर्दी! तरी कॅन्सर झालाच.

"सर, हितं तर समदी आलीत की!" सायबण्णा म्हणाला.

"आली रे. पण परत गेलीच नाहीत. वर्षानुवर्षं आरडाओरडा करत बसली, त्या गोंधळातच गाठ वाढली असणार."

"मंजी, बोलवावं का न्हाई बोलवावं?"

सरांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. त्या दिवशी डबाही उघडला नाही.

*

करकंबहून एक गडी वडिलांच्या आतड्याचा तुकडा घेऊन एसटीने आला. सडू नये म्हणून डॉक्टरांनी तो फॉर्मॅलिनमध्ये घालून दिला होता. वासाने प्रवासी ओरडले, तेव्हा याने फॉर्मॅलिन ओतून बरणीत मीठ भरलं! लोणचं टिकतं, मग हे का नाही टिकणार?

तुकडा पार आक्रसला होता. सर ओरडायला उठले.

"चिडू नगा डाक्टर," तो म्हणाला, "वडलांकडं अजून हाय की. परत काडून आनतो."

सर तसेच खाली बसले.

*

रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर 'कॅन्सर' हा शब्द उच्चारायचा नाही, असा आमचा रिवाज. "मुंबईला दाखवा," एवढंच म्हणायचं. कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल तिथेच, नातेवाईक समजून जात. एकदा एक म्हातारी एकटीच रिपोर्ट न्यायला आली.

"आजी, मुंबईला दाखवा हं."

"व्हय की! माजी लेकच दिलीय मुंबईला. तीच कागूद वाचंल."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

*

मग सायबण्णालाच शौचातून रक्त पडायला लागलं. सहा महिने मूळव्याध समजून या माणसाने औषध म्हणून सुरण खाल्ला! रोज कॅन्सरच्या बरण्या उचलणारा माणूस! मला त्याचा अजून राग येतो.

ऑपरेशन झालं. बरणी आणायला मीच गेले. गाठीची पातळ सेक्शन कापताना तीन वाया घालवली. सरांनी स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बघितली. कडं नव्हतंच. चार-दोन पेशी, त्याही लांब लांब. सर चष्मा काढून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

टाके निघाल्यावर सायबण्णा वॉर्डातून भिंतीला धरून लॅबमध्ये आला.

"माजी स्लाइड हाय, मला दावा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग ड्रॉवरमधून दुसरीच स्लाइड काढून लावली. ती एका शाळामास्तरांची होती, ऑपरेशनला सात वर्षं होऊनही ठणठणीत असलेल्या. गाठीभोवती रंग देऊन निळ्या झालेल्या पेशींचं गच्च कडं.

सायबण्णा पोटावर हात दाबून बराच वेळ वाकून बघत राहिला.

"लई जमलीत की सर!"

"मग! सांगतोय काय," सर म्हणाले. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं, मला त्यांच्याकडे.

सायबण्णाने स्लाइड अलगद काढली, कोपऱ्यावरच्या चिठ्ठीतला नंबर बघितला, नेहमीसारखी पुसली आणि सरांच्या हातात दिली.

"मास्तर बरे हायत न्हवं?"