विजयमालाबाईंची बोटं

सावेडीत कॉम्प्युटर जोडून देणारा अँड्र्यू साळवे म्हणजे पंख्यांचा हाडवैरी. प्रोसेसरवरचा तो चिमुकला पंखा धूळ ओढतो, धूळ खाऊन अडकतो आणि मग प्रोसेसर भाजतो, हे गिऱ्हाईक जांभया देईपर्यंत तो ऐकवायचा. त्यापेक्षा उष्णता हवेत सोडणारा नुसता ॲल्युमिनियमचा खाचांचा ठोकळा बसवावा; फिरणारं काही नाही, बिघडणारं काही नाही. बोलणं खोटं नव्हतं, पण त्याला त्याचा भारी तोरा होता.

शहाण्णव साली तिसगावच्या विजयमालाबाईंना त्याने असंच बिनपंख्याचं मशीन दिलं. बाई टायपिंगचा क्लास चालवायच्या. आता चार मुलींना कॉम्प्युटर शिकवणार होत्या. निघताना अँड्र्यूने बजावलं, "बाई, धूळ लागू देऊ नका. झाकून ठेवा." बंद असताना झाकायचं, एवढं सांगायचं राहून गेलं.

फाल्गुनात बाईंचा फोन आला, मशीन मधेच हँग होतं. "तुमचं बोट कुठंतरी चुकीचं पडत असेल," अँड्र्यू म्हणाला. दुसऱ्या फोनलाही तेच, वर जरा हसून. तिसरा फोन आलाच नाही. बरं झालं, पीडा टळली, असं त्याला वाटलं.

ज्येष्ठात पाथर्डीहून परतताना तो सहज तिसगावला उतरला. बाईंनी मशीन चालू करून दाखवलं. वर छपराचा तापलेला पत्रा, आणि पडदा तेवढा मोकळा सोडून बाकी सगळ्यावर झालरीचं जाड कापड. अर्ध्या तासात मशीन हँग. अँड्र्यूने कॅबिनेट उघडून ठोकळ्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. पंखा नाही तर निदान मोकळी हवा तरी हवी, हे त्याला कळत नव्हतं थोडंच! फोनवरचं आपलं हसणं आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, चूक माझी आहे. तुमची बोटं बरोबर होती."

बाईंनी झालरीच्या कापडाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मी चारही मुलींच्या घरी जाऊन सांगितलं हो, मला शिकवता येत नाही म्हणून. आता तुम्ही चला आणि खरं काय ते सांगा."

पहिलं घर शुभांगीच्या आईचं, लंकाबाईंचं. अँड्र्यूने दारातच हात जोडले, सगळं कबूल केलं. "शुभांगीला उद्यापासून क्लासला पाठवा," म्हणाला.

"तिचं लगीन झालं की वैशाखात," लंकाबाई म्हणाल्या. "क्लास बंद पडला, मग घरी बसून काय करनार हुती? बसा, च्या टाकते."

अँड्र्यूला बसवेना. अजून तीन घरं राहिली होती.