उकरायला नको होती ती म्हैस

ती घटना आठवली की आजही हात पुन्हा धुवावेसे वाटतात. चूक माझी होती, हे आधीच सांगतो.

मी शहराच्या टोकाच्या एका ठाण्यात फौजदार होतो. हद्दीतल्या कत्तलखान्याच्या ठेकेदाराने फिर्याद दिली, की पाचोडच्या बाजारातून आणलेली म्हैस एका कामगाराने चोरून विकली. खबऱ्याने दुजोरा दिला. पहाटे तोच कामगार हातगाडी ढकलताना दिसला होता, हातांना कोपरापर्यंत प्लॅस्टिक गुंडाळलेलं. ठसे उमटू नयेत म्हणून, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

कामगार साठीचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी मात्र सगळ्यांदेखत चोर म्हणत त्यांना ठाण्यात आणलं. चौकशीत ते एकच सांगत राहिले. म्हैस कापण्याआधीच कोसळून मेली, नाकातून काळं रक्त आलं. तरी ठेकेदार सोलायला लावत होता. अशीच एक सोलून त्यांचा भाऊ गेला होता. म्हणून त्यांनी हातांना प्लॅस्टिक गुंडाळून, घरातल्या दोघांच्या मदतीने ती हातगाडीवर नेली आणि चुना टाकून पुरली.

"खड्डा दाखव," मी म्हणालो.

"मला आत टाका साहेब, पण ती उकरू नका. हात लागंल त्याला काळा फोड यील. दुखणार बी नाय, त्याचंच लई भ्या वाटतं."

मी पंच बोलावले आणि खड्डा उकरला. ठेकेदाराची रंगाची खूण पाहायला हवालदाराला शिंगावरची माती पुसायला सांगितली. त्याने उघड्या हाताने पुसली. खूण जुळली. म्हैस अख्खी होती, चोरी झालीच नव्हती. चाचांना मी ठाणे अंमलदाराकरवी सोडून दिलं. स्वतः त्यांच्यासमोर गेलो नाही.

चौथ्या दिवशी हजेरीला हवालदाराच्या मनगटावर काळी खपली दिसली. काय झालं, विचारलं.

"काय नाय साहेब. दुखत बी नाय," तो हसला.

त्याला तसाच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना म्हशीचं सांगितलं. काळपुळी होती, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा अँथ्रॅक्स. त्याच रात्री त्याला ताप चढला; तो उतरेपर्यंत त्याच्या बायकोच्या नजरेला नजर देववली नाही. रोज सकाळी मी माझेही हात खिडकीच्या उजेडात धरून पाहत होतो.

हवालदार वाचला. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी खड्डा नीट बंद करवला, सगळ्या कामगारांना औषधं आणि रबरी हातमोजे मिळाले. खोटी फिर्याद दिल्याबद्दल ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला.

आरोपीचं म्हणणं खोटं धरूनच ऐकायची सवय आम्हाला लागते. रोज त्या कामात हात घालणाऱ्याची भीती हीसुद्धा माहिती असते आणि ती जबाबात उतरवून घ्यायची असते, हे मला तेव्हा कळलं.

तरी चाचांकडे जायला महिना लागला. शेवटी गणवेशातच कत्तलखान्यात गेलो. ते सुरीला धार लावत होते. बाकीचे काम थांबवून पाहू लागले. मी टोपी काढली.

"चाचा, तुम्ही माझीच माणसं वाचवत होता. मी तुम्हाला चोर म्हणालो. मला माफ करा."