न कापलेली पानं

आज कोरगावात काजूच्या बोंडांचा वास आला आणि ती दुपार आठवली. काजूखाली बसून माझा मित्र दत्ताराम याने मला त्याच्याकडची एक जाड कादंबरी वाचायला दिली होती. “जड आसा, पण अर्ध्यार सोडू नको हां. शेवट वाचून माका रडूक इला!”

मी अर्ध्यावरच सोडली. कमीपणा वाटून त्याच्यापुढे पुस्तकांविषयी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही, पुस्तकही परत केलं नाही.

आज ते पुस्तक काढून नेटाने शेवटापर्यंत वाचत गेलो. शेवटची पानं कडेला जोडलेलीच होती. छापखान्यातून आल्यापासून कुणी कापलीच नव्हती.

संध्याकाळी दत्ताराम चहाला येईल. पुस्तकाशेजारी सुरी ठेवली आहे. विचारणार आहे, “खंयच्या पानार रडलंस, ता माका दाखय.”