उजवी कळी

शेजारी दाराच्या चौकटीला ऑइलपेंट लावताहेत. शिरवळच्या हमरस्त्याची सगळी धूळ पचवलेला मी, या एका डब्याच्या वासापुढं हरतो. त्या वासासरशी कडेगावकडच्या आमच्या माळावरचं भैरोबाचं देऊळ दिसतं आणि डोकं उठतं. काळ्या दगडाचं, यादवांच्या काळातलं म्हणतात. आमच्या चुलत्यांच्या मते तर देऊळ आधी झालं, मग त्याला टेकायला डोंगर आला.

पोरगं फौजेत धाडायचं, मेंढरं चराईला दूर न्यायची, बांधाचं भांडण मिटवायचं, काहीही असो, गाव आधी देवाला कौल लावी. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दगड असा खरबरीत, की कळी पडता पडेना. एका बांधाच्या भांडणात तर ती इतकी रेंगाळली, की दोघा भावांच्या दाढ्या वाढून एकमेकींत गुंतल्या! बरं, दाढ्या सोडा. पण मंडपाच्या कोरीव खांबांना टेकून बसल्या बसल्या माणसं एकमेकांना तंबाखू मळून द्यायची आणि कळी पडायच्या आत निम्मं भांडण विरून जायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. देवाचं खरं काम त्या ताटकळण्यातच होतं.

मग भक्तीच्या भरात गावानं मूर्तीला चकचकीत ऑइलपेंट फासला, आणि पाठोपाठ प्रश्न काढला: जुना मंडप पाडून स्लॅब टाकायचा का? मी शिरवळहून धावत गेलो. पाडू नका म्हणून चार शब्द बोलणार होतो. पण म्हटलं, कशाला वाईटपणा घ्या, देव आपल्याच बाजूचा आहे. गुरवानं रिवाजाप्रमाणं आधी उजवी कळी लावली. ती सर्रकन खाली! डावी अजून त्याच्या बोटांतच.

"आवं, रंगावरनं घसरली ती! पुन्ना लावा!" मी ओरडलो.

"देव व्हय म्हणला, तुझ्या का पोटात दुखतंय?" चुलतभाऊ म्हणाला. "शिरवळला ऱ्हाऊन लय शाना झालास गड्या!"

सगळे हसत उठले. गुरव हळूच मला म्हणाला, "आता आदी लावीन ती पडतीया. कायबी इचारा, व्हयच."

"मग सांगा की समद्यांस्नी!"

"मी लावणारा. मंडप तुमास्नी पायजे, तुमी सांगा."

मी चपला शोधत राहिलो.

मंडप एका दुपारात गेला. आता स्लॅबखाली पंखे आहेत, आणि मोटारसायकल बंद न करता होकार मिळतो. राग मला गावाचा येतो, रंगाचा येतो. पण खरा जळफळाट वेगळाच आहे. नको म्हणायचं होतं मला, आणि मी पुढं केली एक कळी.