आमचा नदीमामा

माझा मेहुणा घरात जेवायला बसला की अर्धी भाकरी खायचा. तीच भाकरी नदीकाठी दगडावर बसून दिली तर चार खायचा आणि पाचवीला हात पुढं करायचा. माझी पोरं त्याला नदीमामा म्हणायची. पुढं अख्खं वडगाव म्हणायला लागलं. यंदा दिवाळीच्या आधी तो गेला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता. हे बरोबर झालं नाही. पण असा मेहुणा आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला नव्हता, हे मी छाती पुढं करून सांगतो.

आम्ही दोघंही मागावर साड्या विणणारे. अमावास्येला माग बंद. बाकीचे त्या दिवशी झोपा काढायचे. हा सकाळीच टेम्पो दारात उभा करायचा. बायको, तीन पोरी, म्हातारी आई, आम्ही, सगळ्यांना आत कोंबायचा आणि खानापूरकडं मलप्रभेच्या काठावर न्यायचा. तिथं त्याचा एकच कायदा. बायकांनी चुलीला हात लावायचा नाही. "वर्सभर तुमीच करताय. आज पाण्यात पाय सोडून बसा आणि आमाला नावं ठेवा," म्हणायचा. मग आम्ही गडीमाणसं धुरात डोळे पुसत भात शिजवायचो. एकदा माझा भात करपला. माझी बायको, म्हणजे त्याची आक्का, लांबूनच ओरडली, "मालकांचा भात माशास्नी घाला रं, ते तरी खात्यात का बघू!" हा हसता हसता कपड्यांसकट पाण्यात पडला.

पोरींना त्यानं स्वतः पोहायला शिकवलं. शेजारी म्हणाले, पोरीच्या जातीला हे कशाला? हा म्हणाला, "बुडताना पाणी विचारतंय व्हय, तू पोरगा का पोरगी?" त्याची मधली आता बेंगळूरला पोरांना पोहणं शिकवते. पगार चांगला आहे.

मग माझ्या बायकोला मोठा आजार झाला. पायातलं बळच गेलं. एक दिवस भावाला म्हणाली, "एकदा नदीत पाय सोडायचेत रं." मी सरळ नाही म्हटलं. वाटेत काही झालं तर? मेहुणा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, डॉक्टर काय म्हणालेत ते मलाबी ठाऊक हाय. ती बरी हुणार न्हाय. मग राखताय काय?" मी त्याला घराबाहेर काढलं. तो गेला आणि उरलेल्या सुताचा रुंद पट्टा विणून तिसऱ्या दिवशी परत आला. खुर्चीला दोन बांबू बांधले. आक्काला रुतू नये म्हणून त्या मऊ पट्ट्यानं तिला खुर्चीत बांधलं. ती नव्या नवरीसारखी ताठ बसली. मग माझं काय चालणार?

रस्त्यापासून नदीपर्यंत उतार. पुढं बांबू धरून तो, मागं मी. पाण्यात पाय बुडाल्यावर तिनं पदर खोचला. मग काठावर मांडलेल्या आमच्या चुलीकडं बघून म्हणाली, "आमटीत मीठ घातलंसा का न्हाय?"

घातलं नव्हतं. त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

नवव्या दिवशी ती गेली. दिवसकार्याला माझ्या थोरल्या भावानं सगळ्यांदेखत मेहुण्याला धरलं. "आजारी बहिणीला गार पाण्यात बसवून मारलंस तू." एवढा बोलका माणूस, मान खाली घालून बसला. मी उठलो. म्हटलं, "त्याला काय विचारतोस अण्णा? बायको माझी. मी नेली."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दाजी, खोटं कशाला बोललासा?"

"खोटं कुठलं? मागनं बांबू कुणी धरलं होतं?"

बहीण गेल्यापासून तो रडला नव्हता. तेव्हा भिंतीला टेकून पोरासारखा रडला. नाक पुसत म्हणाला, "लई वंगाळ माणूस हायसा तुमी दाजी. पर आमचं हायसा."